‘इतर’च्या रकान्यातली माणसे

इचलकरंजीच्या शाखेत मी १९८६ साली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक पुस्तिका येऊन पडली. रिझर्व्ह बँकेकडे जाणाऱ्या ‘बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न’ची. देशभरच्या बँका १९७२ पासून हे विवरण पाठवीत आल्या आहेत. मोठ्या कर्जखात्यांसमोर कर्जदाराच्या व्यवसायाचा संकेतांक लिहायचा आणि लहान कर्जांची व्यवसायवार बेरीज द्यायची, असे ते काम. शाखेत ते हलके समजले जाई, म्हणून नव्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडे. विवरण जायच्या आदल्या रात्री चहाचे कप साचत आणि आम्ही माणसांचे आकडे करीत बसत असू. एखादा धंदा कुठेच बसेना, तर त्यावर एक रामबाण उपाय होता. तो म्हणजे ‘इतर’.

त्या कामात माझ्या हातून एका बाईंचे खाते चुकले. गावभागात त्यांचे मिरची कांडपाचे यंत्र होते. बायका घरून वाळवलेल्या मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन येत, या कांडून देत, मजुरी घेत. पाहणीला गेलो तेव्हा दारातल्या फळीवर चटणीच्या चार बरण्या विकायला मांडलेल्या मला दिसल्या. मी कागदावर लिहिले, ‘किरकोळ व्यापार’. पुढे लघुउद्योगासाठीच्या एका योजनेतून त्यांनी दुसऱ्या यंत्रासाठी अर्ज केला, तेव्हा तो याच शब्दांवर अडला. योजना उद्योगासाठी होती, दुकानासाठी नव्हती.

बाई शाखेत आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “साहेब, मी दुकानदार न्हाई. मी कांडून देते. त्या बरण्या हायेत व्हय, त्या वासानं गिऱ्हाईक वळावं म्हणून ठेवल्यात.”

“बघतो, मावशी,” असे मी म्हणालो. पुढच्या विवरणात आकडा गुपचूप बदलला. पण आधीची नोंद माझी चूक होती, असे लिहून देण्याचे धैर्य मला झाले नाही. अर्ज परत गेला. दुसरे यंत्र त्यांनी सावकाराच्या पैशावर घेतल्याचे मला नंतर कळले.

उद्योगांचे वर्गीकरण हा विषय रविवारच्या सकाळी वाचकांपुढे ठेवण्याचे कारण हे आहे. हा विषय रुक्ष मानला जातो. वस्तुतः कोणाच्या वाट्याला काय येणार, याचा निवाडा त्यात पुष्कळदा होऊन गेलेला असतो. आपल्याला हे नवे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून ज्या बलुतेदारीचे चित्र मांडले, तीही कामांची विभागणीच होती, आणि खळ्यावर कोणाला किती धान्य मिळायचे हे तीवरून ठरे. तिथे रकाना जन्माने मिळत असे. आधुनिक वर्गीकरणाचे वचन असे की, रकाना केलेल्या कामावरून मिळेल. ते वचन किती पाळले जाते, एवढाच प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९४८ साली सर्व आर्थिक व्यवहारांसाठी एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले. आपल्याकडे १९६२ मध्ये पहिले प्रमाण वर्गीकरण झाले. त्यानंतर राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण आले आणि १९७०, १९८७, १९९८, २००४ व २००८ अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या. २००८ च्या आवृत्तीत २१ विभाग आहेत, त्यांच्या पोटात दोन आकडी ८८ उपविभाग, आणि तिथून पाच आकड्यांपर्यंत पायऱ्या उतरत जातात. ऊस लावणे ०१ मध्ये येते, गूळ करणे १० मध्ये, आणि तोच गूळ घाऊक विकणे ४६ मध्ये. एकच आस्थापना अनेक कामे करीत असेल, तर ज्या कामातून मूल्यात सर्वांत अधिक भर पडते ते तिचे मुख्य काम धरायचे. दुसऱ्याचा माल मजुरीवर तयार करून देणाऱ्यालाही उत्पादकच मानायचे, असाही नियम आहे. म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर कापड विणून देणारा इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक हा उत्पादक, आणि माझ्या कांडपवाल्या बाईही उत्पादकच. नियम शहाणा होता. तो वापरणाऱ्याने बाईंना विचारलेच नाही, फक्त बरण्या पाहिल्या.

पण दोष नेहमी भरणाऱ्याचाच असतो असे नाही. कित्येकदा रकानेच बदलतात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हातमाग आणि यंत्रमाग यांचा झगडा या भागाने पाहिला आहे. १९७० आणि १९८७ च्या वर्गीकरणांत सुती कापडाच्या विणकामात खादी, हातमाग, यंत्रमाग आणि गिरणी हे भेद राखलेले होते. पुढे जगाशी मेळ घालण्याच्या ओघात ते मागे पडले. २००८ च्या आवृत्तीतले विणकामाचे संकेतांक कापड सुती, रेशमी की लोकरी हे सांगतात. ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, हे सांगत नाहीत. जगाशी तुलना सोपी झाली, हे खरेच. परंतु ज्या भेदावर हजारो घरांची चूल अवलंबून होती, तो नुसत्या संकेतांकावरून ओळखता येईनासा झाला. मग त्यासाठी वेगळ्या गणना कराव्या लागतात.

दुसरे उदाहरण गिरणीच्या दरवाजावरचे घ्या. पहारेकरी आणि झाडूवाला गिरणीच्या हजेरीपटावर होते, तोवर त्यांची गणना वस्त्रोद्योगात होत होती. तीच माणसे कंत्राटदाराकडे गेली, की पहारेकरी सुरक्षा सेवेच्या ८० मध्ये जातो आणि झाडूवाला इमारतींच्या सेवांच्या ८१ मध्ये. दरवाजा तोच, झाडू तोच, पगार बहुधा कमी. आणि तक्त्यात मात्र उद्योगातला रोजगार घटला व सेवाक्षेत्र वाढले. सेवाक्षेत्राच्या भरभराटीवर लिहिणाऱ्या विद्वानांनी यातली किती वाढ खरी आणि किती नुसती रकान्यांची अदलाबदल, हे आधी तपासावे.

आणि आकडा बदलला तर दारही उघडते. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली, तेव्हा ४५, ४६ आणि ४७ हे व्यापाराचे संकेतांक तिच्या बाहेर होते. २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ते आत घेतले, मात्र लाभ अग्रक्रमाच्या कर्जापुरताच ठेवला. किराणा दुकानदार आदल्या दिवशी विकत होता तेच दुसऱ्या दिवशीही विकत होता. फरक पडला तो दोन आकड्यांना मिळालेल्या प्रवेशाचा.

सर्वांत अवघड जागा घरातली. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारीला ९७ हा संकेतांक आहे. स्वतःच्या घरी तीच भांडी घासणारी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही. यामागे तर्क आहे. घरकामाला बाजारभाव लावायचा तर कोणता, हा प्रश्न सोपा नाही. पण घरी बसून विड्या वळणारी किंवा शिलाईच्या तुकड्यावर मजुरी मिळवणारी बाई हिशेबात येतेच, यायलाच हवी. ती गळते, कारण दारात आलेला माणूस विचारतो, “काम करता का?” आणि उत्तर घरातला पुरुष देतो, “न्हाई, घरीच असते.”

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून आकड्यांवर राग धरावा अशी काहींची अपेक्षा असते. मला तसे वाटत नाही. रकान्यांशिवाय देशाचा हिशेब होणार नाही, आणि हिशेबात न आलेल्या माणसासाठी तरतूदही होणार नाही. मागणे एवढेच की, संकेतांकासोबत माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले कामाचे वर्णनही जपून ठेवावे. रकाने उद्या बदलतील, तेव्हा त्या वर्णनावरून नवा आकडा लावता येईल. नुसत्या आकड्यावरून हरवलेला भेद परत काढता येत नाही. दुसरे, ज्यांच्याकडे हे काम हलके म्हणून ढकलले जाते, त्या कारकुनाला आणि प्रगणकाला नीट शिकवावे, आणि चूक कबूल करून दुरुस्त करण्याची सोय ठेवावी. माझ्यासारख्याला ती सोय असती, तर एक अर्ज कदाचित परत गेला नसता.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईला पुढे येऊन बोलू द्यावे. ती काय करते ते तिनेच सांगावे. आणि त्याने काय लिहिले, हे त्याला थांबवून वाचून दाखवायला सांगावे. तो घाईत असेल. मीही घाईतच होतो.