आमच्या मापाची बातमी

मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली शिल्पा चव्हाण यांनी ‘प्लस साइज’ मॉडेल्ससाठी कपडे केले. २०१७ साली गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी. चांगलंच झालं. पण मी वाचलेल्या बातम्यांत कौतुक होतं ते डिझायनरच्या धाडसाचं. जणू जाड बाईला कपडे शिवणं म्हणजे तिच्यावर उपकारच! बाही दंडाला काचते का, कपड्याची किंमत काय, याबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या डोंगरीत बचत गटातली एक ताई ब्लाउज शिवते. छाती २८ असो की ४६, टेप लावते, वहीत आकडे लिहिते, शिलाईत दोन बोटं माया ठेवते. अंग सुटलं तर उसवून देते. यात तिला धाडस वाटत नाही.

गटातलीच दुसरी एक जण मात्र रेडिमेड ड्रेस घ्यायला गेली. ‘तुमच्या साइजचं येतच नाही,’ दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानंतर दोन बैठकांना ती आलीच नाही. कारण विचारायला मी घरी गेले, तर म्हणाली, “आधी बारीक होते, मग येते.”

पुढच्या फॅशन वीकची बातमी लिहिणाऱ्यांनी एवढंच छापावं: हा ड्रेस भाईंदरच्या बाजारात कधी मिळणार आणि कितीला?