शिकाऊ उमेदवार आणि कुंकळ्ळीचे चितारी

शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला १२ डिसेंबर १९६१ रोजी आणि पुढच्या आठवड्यात, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. निव्वळ योगायोग, पण मला तो गमतीचा वाटतो.

त्याआधी आपल्या गावांत उमेदवारी नव्हती का? होती की! सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकायचा, कुंभाराचा चाकावर बसायचा. फक्त ती जातीच्या कुंपणात होती. मुलाला दुसरे काही शिकायची सोय नव्हती आणि दुसऱ्याच्या मुलाला आत प्रवेश नव्हता. आयटीआयने हे कुंपण मोडले. कुंभाराचा मुलगा वायरमन झाला, हे चांगलेच झाले. त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नव्हे.

पण कुंपण एकाच बाजूने मोडले. बाहेर जायला वाट झाली, आत यायला नाही.

कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचेच घ्या. लग्नाचे पाट, पाळणे, खेळणी यांवरचे त्यांचे लाखेचे रंग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. कांडी किती दाबायची, कधी उचलायची, हे हाताला कळावे लागते. त्याला महिने, वर्षे लागतात. (मी कला शाखेचा पदवीधर. हाताने येणारी माझी एकमेव कला म्हणजे फाईलवर शेरा मारणे!)

आता कायदा काय म्हणतो? तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने उमेदवार घेतलेच पाहिजेत, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. बापलेक मिळून काम करणारा चितारी या हिशेबात बसतच नाही. २०२३ ची विश्वकर्मा योजना अठरा व्यवसायांसाठी आहे. तिचे प्राथमिक प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे, रोजचा भत्ता ५०० रुपये. पण ती आधीच काम करणाऱ्यासाठी. नवख्याने कुठे जायचे?

माझे म्हणणे साधे आहे. म्हाताऱ्या कारागिराच्या पडवीलाच आस्थापना माना. कुठल्याही जातीचा मुलगा किंवा मुलगी वर्ष-दोन वर्षे तिथे शिकू दे. विद्यावेतन शिकणाऱ्याला द्या, आणि त्याहून जास्त मानधन शिकवणाऱ्याला. शिकवताना त्याचे काम खोळंबते, लाकूड वाया जाते, त्याची भरपाई कोण करणार? फाईल माझ्या टेबलावर आली तर मी त्याच दिवशी पुढे पाठवीन.