मयताची वर्दी

माणूस गेला की तासाभरात गावाला कळते. व्हॉट्सअॅपवर फोटोला हार चढतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते, मुंबई-पुण्याचे नातलग गाडीत बसतात. कळत नाही ते फक्त कचेऱ्यांना. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, असे कायदा बजावतो. ती होते, दाखलाही मिळतो. मग बँक, रेशनकार्ड, गॅस, वीजमीटर अशा प्रत्येक खिडकीवर त्याच दाखल्याची झेरॉक्स आणि वर ‘मूळ प्रत आणलीय का?’ ओटीपी येतो तो गेलेल्याच्याच मोबाइलवर. म्हणून तेराव्यानंतरही मुलगा वडिलांच्या सिमला रिचार्ज मारत राहतो, आणि त्याच सिमवर बँक त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देते.

सगळा दोष कचेऱ्यांचाही नाही. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असे जमीन महसूल संहिता सांगते, तरी पणजोबा सातबाऱ्यावर सुखाने नांदत असतात. नोंद करायची तर बहिणींचीही नावे लागतात, त्यापेक्षा पणजोबा बरे! मग पीककर्ज अडले की धावाधाव. अखेर एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. चावडीवर मयत खातेदारांच्या नावांचे वाचन झाले, म्हणजे गावाला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते सरकारने गावालाच ऐकवले.

वास्तविक एकदा दिलेली वर्दी सगळीकडे पोहोचण्याची सोय कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मतदारयादी, आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट सांभाळणाऱ्यांना राष्ट्रीय नोंदींतली माहिती त्यामुळे देता येते. तिचा उपयोग सुरूही झाला आहे. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मृत्युनोंदी थेट घ्यायचे जाहीर केले. आधार प्राधिकरणाने तर अशा नोंदी ताडून जुलै २०२५ पर्यंतच सुमारे १.१७ कोटी मृतांचे क्रमांक बंद केले, तेही नातलगांच्या अर्जाची वाट न पाहता. नाव कमी करायचे असले की सरकारला असे आपोआप कळू लागले आहे. कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू करायचे असले की मात्र नवरा गेल्याचे विधवेनेच कळवायचे, दाखल्यासह.