घडीचा फोन आणि तुरीची धूळ

आमच्या तरुण व्यापारी बंधूंच्या हाती हल्ली घडी पडणारा मोबाईल दिसू लागला आहे. काच वाकते कशी, याचे कौतुक आम्हांसही वाटते. 2020 च्या गॅलॅक्सी झेड फ्लिपची काच अवघी 30 मायक्रॉन जाडीची. खाली लवचिक प्लॅस्टिकच्या पटलावर स्वयंप्रकाशी ओएलईडी बिंदू. वाकताना बाहेरचा थर ताणतो, आतला दबतो. जाडी जितकी कमी, तितका ताण कमी. कागद वाकतो, पुठ्ठा मोडतो, तसेच हे.

परंतु 2024 च्या फोल्ड 6 चे आयपी48 मानांकन 1 मिलिमीटर व त्याहून मोठ्या कणांपुरतेच आहे. कलबुर्गीच्या डाळ गिरणीतील धूळ त्याहून कितीतरी बारीक! ती बिजागरीत शिरली, तर 1,64,999 रुपयांस विक्रीला आलेल्या वस्तूसह उधारीच्या नोंदीही अडकावयाच्या. तुरीची आवक चालू असता तो फोन उघडू नये, असे आम्ही आमच्या पेढीवरील मुलांस बजावले आहे.