मासे ठणठणीत, मग कोळंबी का गेली?

"ताई, दोन्ही मासे ठणठणीत आहेत, पण टाकीतले बाकी सगळे एकेक करून मरते आहे. एकदा येऊन बघाल का?" नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका मराठी गृहिणीचा हा फोन आला. मागून आजोबांचा आवाज ऐकू येत होता, "त्यांना सांग, पाणी रोज मीच घालतो, अगदी स्वच्छ घालतो." या वाक्याचे महत्त्व मला तिथे गेल्यावर कळले.

टाकी लहान, दोन फुटांची, साधारण ८५ लिटरची. आत खारे पाणी, दोन नारिंगी क्लाउन मासे, बटणांसारख्या प्रवाळांचा एक झुबका आणि चामड्यासारखा मऊ प्रवाळ. शाळेत जाणाऱ्या नातवाने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मात्र आता नव्हती. कात टाकल्यानंतर ती आडवी पडली ती उठलीच नाही. त्याआधी दोन गोगलगायी काचेवरून खाली पडून उलट्या झाल्या होत्या. मग प्रवाळाची बटणे मिटली आणि चामड्या प्रवाळाने मान टाकली. मासे मात्र दाण्यासाठी वर येऊन उड्या मारत होते.

दुकानदाराने आधी कॅल्शियमची बाटली दिली, मग आयोडीनची, मग नवा दिवा घ्यायला लावला. दुकानदारालाच दोष देण्यात अर्थ नाही, आपणही ताप आला की आधी गोळी शोधतो. पण खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीत कारण कळण्याआधी औषध ओतणे म्हणजे एका अडचणीत दुसरी मिसळणे. ८५ लिटरमध्ये बाटलीचे एक टोपणही खूप होते.

खरे तर मासे ठणठणीत असणे हाच या प्रकरणातला मोठा धागा होता. पाण्यात अमोनिया वाढला, प्राणवायू कमी पडला किंवा पाणी फार तापले, तर मासेही धापा टाकू लागतात. मासे मजेत आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ आजारी, असे दिसले की विषाचा संशय घ्यावा, आणि तोही अशा विषाचा जे माशांना पचते पण कणाहीन जिवांना पचत नाही. अशा यादीत पहिले नाव तांब्याचे आणि दुसरे डास-झुरळांच्या औषधांचे.

तरीही नेहमीच्या तपासण्या आधी केल्या. तापमान २६ अंश. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६, म्हणजे समुद्राच्या पाण्याजवळच. अमोनिया शून्य, नायट्रेट दहाच्या आसपास. यात मरण्यासारखे काही नव्हते. मग मी त्यांना कॅलेंडर आणायला सांगितले आणि विचारले, पहिली गोगलगाय कधी पडली आणि त्याआधीच्या महिन्यात घरात काय काय बदलले?

इथे घरातले वातावरण जरा तापले. सूनबाईंचा संशय कामवाल्या बाईंवर होता, त्यांनी फिनाइलचा हात पाण्यात घातला असेल म्हणून. त्या बिचाऱ्या गेले दोन महिने टाकीजवळची फरशीही भीत भीत पुसत होत्या. दिवाळीआधी झुरळांचे औषध फवारले होते, पण कॅलेंडर पाहता फवारणी पहिल्या मरणानंतरची निघाली. भिंतींना रंग दिला तोही नंतरच. मग नातू म्हणाला, "दसऱ्याला नवा फिल्टर बसवला ना!"

आजोबांना आयुष्यभर तांब्याच्या हंड्यातले पाणी प्यायची सवय. म्हणून मुलाने दसऱ्याला खास पाण्यात तांबे मिसळणारे आर.ओ. यंत्र आणले. घरातले सर्वांत चांगले पाणी ते, असे समजून आजोबा रोज सकाळी त्यातलेच लिटरभर पाणी टाकीत घालत. दर रविवारी बदलण्याचे खारे पाणीही त्यातच मीठ विरघळवून तयार होई.

माणसाला त्या पाण्याने काही होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. कोळंबीचे गणित वेगळे. कोळंबी, खेकडे आणि बहुतेक गोगलगायी यांच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम आपल्यासारखे लोह करत नाही, तांबेच करते. त्यामुळे त्यांना तांबे लागते, पण कणभरच. जास्तीचे तांबे त्यांच्या कल्ल्यांवर आणि शरीरातल्या क्षारांच्या तोलावर आघात करते. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळही तांब्याने खचते. ही गोष्ट आपल्याला तशी नवी नाही. द्राक्षबागेत बुरशीवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण फवारतात, बोटींच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावतात. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचे औषधही पुष्कळदा तांब्याचेच असते. ते औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालू नये. मासा वेगळ्या टाकीत काढून तिथेच उपचार करावा.

"पण रोज लिटरभरच तर घालत होतो," आजोबा म्हणाले. मेख तिथेच आहे. टाकीतले पाणी उडून जाते, तांबे उडत नाही. समजा, यंत्रातल्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबे आहे. महिन्यात ३० लिटर घातले की ३ मिलिग्रॅम तांबे आत गेले. ते ८५ लिटरमध्ये पसरले तरी लिटरला सुमारे ०.०३५ होते, आणि रविवारच्या पाण्याचे वेगळेच. त्यातले काही वाळूत आणि चुनखडीच्या दगडांत जाऊन बसते आणि पुढे हळूहळू परत सुटते. आमच्या तपासणी संचाने तांबे 'अगदी पुसट' दाखवले. तो संच शून्य दाखवतो तेव्हाही निर्धास्त होऊ नये, कारण कोळंबीला बाधणारे प्रमाण घरगुती संचाला दिसतेच असे नाही. टी.डी.एस.चे पेन तर फक्त एकूण क्षार मोजते, त्यात तांबे किती हे ते सांगू शकत नाही.

दिल्लीकरांची ही अडचण खास आहे. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र हाकेच्या अंतरावर होता. आपल्याला हजार किलोमीटरवरचा समुद्र नळाच्या पाण्यात मीठ घालून घरीच करावा लागतो, म्हणून मूळ पाणी जितके कोरे तितके चांगले. गुडगाव-नोएडाकडचे बोअरचे जड पाणी थेट वापरू नका. घरच्या आर.ओ.चे पाणीही चव यावी म्हणून पुन्हा थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळून येते. त्यांच्या नळाला पेन ९५ दाखवत होते. मेकॅनिकला बोलावून पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, निघालेल्या नळीलाच जोड काढून घेतला, खनिज आणि तांब्याच्या डब्यांच्या आधी. तिथे वाचन १२ आले. पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनचा एक छोटा डबा लावला, तेव्हा शून्य. वीस मिनिटांचे काम. आजोबांच्या प्यायच्या पाण्याला धक्का लागला नाही.

टाकीसाठी उपाय सांगितला तो असा. सगळ्या बाटल्या बंद. नव्या पाण्यात मीठ घालून ते एक दिवस पंपाने ढवळत ठेवायचे, क्षारता आणि तापमान टाकीइतके झाले की दर तिसऱ्या दिवशी २० लिटर बदलायचे. अशा पाच फेऱ्यांनंतर पाण्यातल्या मूळ तांब्यापैकी साधारण पाव भागच उरतो. सोबत ताजा सक्रिय कोळसा आणि तांबे शोषणारा फिल्टर पॅड. वाळू थोडीच होती, ती काढूनच टाकली. एकदम सगळे पाणी बदलू नये, आजारी प्रवाळाला तो दुसरा धक्का बसतो. त्याला रोज उचलून जागाही बदलू नये. यात सर्वांत अवघड काम आजोबांचे, कारण रोज काहीतरी करावेसे वाटणाऱ्या माणसाला हात बांधून बसायचे होते.

फवारणी या वेळी निर्दोष सुटली म्हणून ती निरुपद्रवी नाही. डास आणि झुरळांच्या बहुतेक औषधांतले पायरेथ्रॉइड कोळंबीला तांब्याइतकेच वाईट, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर येतो तेव्हा खिडक्या लावा, पंप थोडा वेळ बंद ठेवा, टाकी झाका. मे महिन्यात पाणी ३० अंशांपुढे जाऊ देऊ नका. पंखा लावला की पाणी थंड होते, पण उडतेही जास्त, आणि उडालेल्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे.

त्यांनी मला एक शेवटचा प्रश्न विचारला. दुकानदार फांद्यांचा एक सुंदर प्रवाळ 'गुपचूप' देतो म्हणतो, घ्यावा का? अजिबात घेऊ नका. सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे जुलै २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंक्तीत आहेत. गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. शोभेसाठी विकला जाणारा मेलेला पांढरा तुकडाही त्यातच आला. असे प्रवाळ पाहायचेच तर मालवणला जा, तिथल्या समुद्रात ते जिथल्या तिथे आहेत आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. मऊ प्रवाळही पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आणखी एक खबरदारी. बटणांसारख्या प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. टाकीत हात घालताना हातमोजे घाला, ते दगड खरवडू नका, आणि साफ करण्यासाठी गरम पाण्यात तर कधीच उकळू नका, त्याची वाफ घरच्यांना दवाखान्यात पाठवू शकते. लहान मुलांच्या घरी हे आवर्जून सांगावे लागते.

परवा पुन्हा जाऊन आले. चामड्या प्रवाळाने अंगावरचा मेणासारखा पापुद्रा टाकला आहे आणि तो अर्धा उघडतो आहे. बटणांपैकी सात-आठ गेली, बाकीची दुपारी फुलतात. नातवाला नवी कोळंबी आजच हवी आहे. त्याला सांगितले, आधी एक गोगलगाय सोडू, ती महिनाभर काचेवर नीट फिरली तर मग कोळंबीचे पाहू. आजोबांनी नव्या नळाखालच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'माशांचे पाणी' अशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि कामवाल्या बाईंना त्यांनी स्वतः सांगितले की चूक माझी होती.