ऐकू येते, पण कळत नाही

चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असे घरगुती नाव आहे. वयाच्या एका टप्प्यावर डोळ्यांपुढे भिंग येणार हे समाजाने इतक्या सहजपणे स्वीकारले की त्या वयाचेच नाव त्या वस्तूला पडले. कानाच्या यंत्राच्या वाट्याला असे नाव आलेले नाही. चष्मा लावणारा मनुष्य आपल्याला विद्वान वाटतो आणि कानात यंत्र घालणारा म्हातारा. बहिरा म्हटला की तर हसूच येते, कारण आपल्या फार्सांनी आणि विनोदी चुटक्यांनी त्याला तेवढ्याच कामासाठी वापरले आहे. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु लक्षावधी माणसे केवळ त्यापायी वर्षानुवर्षे घरातल्या घरात एकाकी होत जातात.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. तीस वर्षे त्यांनी वर्गातील शेवटच्या बाकावरची कुजबुज टिपली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी गावातील व्याख्यानमालेस जाणे सोडले. हल्लीचे वक्ते तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची तक्रार. दूरध्वनी आला की ते तो पत्नीच्या हाती देत. दूरचित्रवाणीचा आवाज इतका वाढला की शेजारी येऊन विचारू लागले. 'त्यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते' असा घरच्यांचा पक्का ग्रह झाला होता. भाजीवाल्याने साठ रुपये सांगितले आणि गुरुजींनी सात रुपये पुढे केले, तेव्हा त्या बाजारातील हशाने जे झाले ते घरातील चार वर्षांच्या कुरबुरीने झाले नव्हते. ते तपासणीस गेले.

घरच्यांच्या त्या ग्रहामागे एक शास्त्रीय कारण आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे. वाढत्या वयाने किंवा सततच्या गोंगाटाने येणारे बहिरेपण सर्व आवाज सारखेच मंद करीत नाही. आतील कानातील शंखाकृती भागात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्यांपैकी उच्च स्वर टिपणाऱ्या पेशी प्रथम निकामी होतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्याचा भरदारपणा स्वरांत, म्हणजे आ, ओ, ऊ यांत असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. शब्दाचा अर्थ मात्र मुख्यतः व्यंजनांवर टिकून असतो. स, श, त, ठ, फ, ख ही व्यंजने उच्च पट्टीची आणि अशक्त. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' आणि 'साठ' त्याला एकच. शांत खोलीत समोरासमोर ओठांच्या हालचालीवरून तो निभावून नेतो. लग्नघरात, बसमध्ये किंवा चार माणसे एकदम बोलू लागली की त्याचा धागा तुटतो. मोठ्याने ओरडल्यानेही काही साधत नाही, कारण ओरडण्याने वाढतात ते स्वर. म्हणूनच तो प्रथम म्हणतो 'काय?' आणि लगेच म्हणतो 'ओरडता कशाला?'. ही विक्षिप्तता नव्हे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांची श्रवणदोष असलेले म्हणून नोंद झाली. आमचे गुरुजी या गणनेत बसतील असे वाटत नाही, कारण ते स्वतःला बहिरे समजतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणविषयक उपचार किंवा पुनर्वसनाची गरज असल्याचे म्हटले. यंत्राचा लाभ होऊ शकणाऱ्यांपैकी ते प्रत्यक्षात वापरणारे शंभरात सतरा.

आपल्या कायद्याची दृष्टी त्याहून अरुंद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक दोष असेल तरच तो मनुष्य 'कर्णदोषी', आणि ७० डेसिबलला 'बहिरा'. साधारण संभाषणाची पातळीच ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ज्याला ५० डेसिबलपर्यंतचे काहीच ऐकू येत नाही आणि समोरचे बोलणे कसेबसे कानांच्या उंबरठ्याशी पोचते, तो कायद्याच्या लेखी धडधाकट! जागतिक आरोग्य संघटना याच माणसाचा दोष मध्यम ते गंभीर या दोहोंच्या दरम्यान धरते. आरक्षणासाठी कठोर मर्यादा हवी, हे मान्य. पण उपचाराचा आणि मदतीचा दरवाजाही त्याच मापाने का मोजावा?

मदत मिळते तेव्हा ती कशी मिळते, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कमरेचा पट्टा आदी साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपये. हेतू निःसंशय चांगला. पण तीन हजारांत चष्मा येतो, काठी येते. कानाला लावून घेतलेले चांगले डिजिटल यंत्र येत नाही. त्याची किंमत एका कानामागे काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत जाते. त्या तीन हजारांत बाजारात मिळते ती नुसता आवाज मोठा करणारी डबी. ती भांड्यांचा खडखडाट आणि नातवाचे बोलणे सारख्याच इमानाने वाढवते, आणि आठ दिवसांत औषधांच्या खणात जाऊन पडते.

येथे 'लावून घेतलेले' हा शब्द महत्त्वाचा. चष्म्याचा नंबर कागदावर लिहून कोणत्याही दुकानात नेता येतो, तसे श्रवणयंत्राचे नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कान पाहावा लागतो. पुष्कळदा नुसता मळ साठलेला असतो किंवा पडदा फाटलेला असतो, आणि तेथे यंत्राची गरजच नसते. मग बंद खोलीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या स्वरांवर एकेका कानाची चाचणी होऊन आलेख निघतो. त्यानुसार यंत्राची जुळणी संगणकावर करावी लागते, गरजेप्रमाणे कानाचा साचा घ्यावा लागतो, आणि दोन-चार आठवड्यांनी रुग्णाने पुन्हा येऊन पंख्याचा आवाज असह्य होतो की नाही हे सांगावे लागते. वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला पुन्हा ऐकण्याची सवय व्हायला काही आठवडे, क्वचित महिने लागतात. हे काम यंत्राचे नव्हे, माणसाचे आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टचे आहे.

आणि नेमका तोच दुर्मिळ आहे. म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६० च्या दशकातील, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची, बहिरेपण नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ चा. संस्था आहेत, योजना आहेत. तरीही मोठी शहरे सोडली की श्रवणतज्ज्ञ शोधावा लागतो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका वाटप शिबिरात मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, पाहुण्यांच्या हस्ते यंत्रे देतानाची छायाचित्रे होती. तपासणीची खोली मंडपाला लागूनच होती आणि ध्वनिक्षेपक चालू होता. त्या गोंगाटात कानांची चाचणी कशी झाली असेल, हे आयोजकच जाणोत. शिबिराच्या अहवालात वाटलेल्या यंत्रांची संख्या येते. सहा महिन्यांनी त्यांतील किती कानांवर होती, हा रकाना त्यात नसतो. पुढचे अनुदान या रकान्यावर ठरू लागले तर बरेच काही आपोआप सुधारेल.

शिक्षक वाचकांसाठी येथे एक गोष्ट. वर्गातील दुर्लक्ष करणारा, प्रश्न विचारला की शेजाऱ्याकडे पाहणारा मुलगा ठोंब असेलच असे नाही. वारंवार कान फुटणाऱ्या किंवा सर्दीने कानात द्रव साठणाऱ्या मुलांना काही महिने कमी ऐकू येते आणि त्यावर बहुधा इलाज असतो. त्याला पुढच्या बाकावर बसवणे हा उपचार नव्हे, पण तपासणीची चिठ्ठी देणे ही सुरुवात आहे. कोणत्याही वयात एका रात्रीत एका कानाचे ऐकणे गेले तर 'बघू उद्या' म्हणू नये. त्यावरील औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

हे टाळता येण्याजोगे किती, हा प्रश्न वेगळा आणि अप्रिय. कारखान्यांतील गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात पुढे अधिसूचित रोग म्हणून नमूद झाले. तरीही इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर उभे आयुष्य काढलेल्या कामगाराच्या कानांची कधी तपासणी झाली का, हे त्यालाच विचारावे, अर्थात मोठ्याने. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांनी घातली, आणि दर भाद्रपदात तिचे काय होते हे सर्वांनी कानांनी अनुभवलेले आहे.

श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो, असा एक दावा हल्ली जाहिरातींतून ऐकू येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर सर्व सहभागी मिळून असा फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता त्या गटात मात्र बौद्धिक ऱ्हास मंदावलेला आढळला. मग एवढ्यावरून सर्वांना भीती घालून यंत्रे विकण्याचे कारण नाही. माणसांत बसता येणे हे पुरेसे कारण आहे.

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. ३ या आकड्याचा आकार कानासारखा म्हणून ती तारीख निवडली, आणि योगायोगाने देवनागरीतही तो तसाच दिसतो. आमचे गुरुजी गेल्या वर्षी दोन्ही कानांत यंत्रे घालून व्याख्यानमालेला आले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी वक्त्याला दोन प्रश्न विचारले आणि बाहेर पडताना म्हणाले, वक्ता खरोखरच तोंडातल्या तोंडात बोलत होता.