डॉक्टरांना आपले ताट सांगा



गांधीबागेत राहणाऱ्या माझ्या खालांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या रमजानच्या आधी त्या दवाखान्यात गेल्या. साखर तपासली, गोळ्या लिहून मिळाल्या. आहाराबद्दल एकच वाक्य ऐकायला मिळाले, "गोड, तेलकट बंद करा." सहेरीला काय खाता, हे कुणी विचारले नाही आणि खालांनीही सांगितले नाही. त्यांची सहेरी म्हणजे दूध-फेणी. मैद्याची फेणी लवकर पचते, गोळीचा असर मात्र दुपारपर्यंत राहतो. चौथ्या रोजाला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर ५८ वर आली होती. रोजा सोडावा लागला. अल्लाहचा शुक्र, मुलगी घरात होती.

डॉक्टर आहाराचे विचारत का नाहीत? गांधीबागेजवळच मेयो रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा सर्व महाविद्यालयांसाठी २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. स्थानिक मिळणारे अन्न आणि घरची ऐपत पाहून कुटुंबाला आहार सुचवणे, हे त्यात लिहिलेले आहे. पण ते वर्गातल्या कल्पित प्रसंगावर करून दाखवायचे असते. जीवनसत्त्वांची नावे पाठ होतात. खऱ्या स्वयंपाकघराशी ओळख होत नाही.

वेगळी वाट आपल्या विदर्भातच आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९६९ साली ते सुरू झाले तेव्हापासून, विद्यार्थी खेड्यात मुक्कामाला जातात आणि घरोघरची माहिती घेतात. आता देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. त्या भेटीत चुलीपर्यंत, डब्यांपर्यंत पोहोचले, तर उद्याचा डॉक्टर "गोड बंद" एवढ्यावर थांबणार नाही.

तोवर आपले काम आपणच करू या.

• दवाखान्यात जाण्याआधी तीन दिवसांचे खाणे कागदावर लिहा. चहातली साखर, संध्याकाळची भजी, सगळे.

• घरात महिन्याला मीठ आणि तेल किती लागते, ते मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. पाच मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलोहून अधिक मीठ संपत असेल, तर हात आखडा.

• मधुमेह असेल तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. सहेरी-इफ्तारच्या वेळा सांगा, रोजा झेपेल का ते विचारा, गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या. स्वतःहून गोळी बंद करू नका. रोजात साखर ७० च्या खाली गेली, तर रोजा लगेच सोडा. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

खाला यंदा कागद घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि फेणीऐवजी ज्वारीची भाकर, डाळ आणि अंडे सुचवले. विचारणारे डॉक्टर तेच होते. यंदा त्यांच्यासमोर ताट होते.